पोरीला खरं सांगा जी, सुई दुखते म्हणून

संपादक साहेब, नमस्कार.

१९ जूनला जागतिक सिकलसेल दिन झाला, तुमच्या पेपरात फोटोसहित बातमी आली, रॅली, बॅनर, पाहुण्यांचं भाषण, लग्नाआधी रक्त तपासा वगैरे. सगळं बरोबरच आहे, त्यात चूक काही नाही. पण त्या फोटोत पुढच्या रांगेत शाळेची पोरं बसून होती ना, आमच्या भागातली पोरं म्हटल्यावर त्यातली एखाद-दोन तरी एसएस, म्हणजे सिकलसेलचा आजार असलेली, असतीलच, आणि त्या दिवशी त्यांच्याशी कोणी एक वाक्य बोललं असेल का, हेच डोक्यात घोळून राहिलं. म्हणून लिहून राहिले. पत्र लांबलं तर कापा, पण मधलं कापू नका.

मी अंगणवाडी सेविका. वैनगंगेच्या काठचं धानाचं गाव आहे आमचं, एवढंच समजा. माझी पोरगी चौदा वर्षांची, एसएस. मी आणि तिचे बाबा दोघंही एएस म्हणजे वाहक, आम्हाला स्वतःला काही त्रास नाही म्हणून कधी कळलंच नाही, आणि दोघं वाहक असले की प्रत्येक बाळंतपणात चारात एक एसएस व्हायची भीती असते हे मला पोरगी सहा वर्षांची झाल्यावर डॉक्टरांनी कागदावर गोल काढून समजावलं. धाकटा एएस निघाला, तो बरा आहे. तिचं असं की रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि मग हातपाय, पाठ, छाती असं काही दुखते की पोरगी भिंतीला नखं लावते. चांगली लाल पेशी साधारण १२० दिवस टिकते, हिची दहा-वीस दिवसांत संपते, म्हणून रक्त नेहमी कमी. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, जास्त दमणं, यातलं काही झालं की दुखणं उठते. रोवण्याच्या दिवसांत पोरं चिखलात भिजतात, हिला आम्ही बांधीच्या धुऱ्यावरही जाऊ देत नाही आणि त्याचाही तिला राग आहे. तो वेगळा विषय.

आता माझी चूक सांगते, कारण दुसऱ्याच्या चुका सांगायच्या आधी आपली सांगावी.

सहा वर्षांची असताना तिचं रक्त पाचवर आलं, रक्त चढवायला भरती करा म्हणाले. मी तिला म्हटलं, आपण मावशीकडे चाललो. नवा फ्रॉक घातला, यष्टीत खिडकीजवळ बसवलं, चिवडा घेऊन दिला, पोरगी खूश. दवाखान्याच्या गेटवर आल्यावर तिने विचारलं मावशीचं घर कुठे आहे, मी म्हटलं आत आहे, चल. आतमध्ये चौघांनी धरली. दोन पाय एकाने, एक हात एकाने, डोकं मी स्वतः धरलं. नस मिळेना, तीनदा टोचलं. आणि साहेब, ती पोट्टी सुईकडे नाही बघत होती, माझ्याकडे बघत होती. रडणं थांबलं तरी बघतच होती.

त्यानंतर तीन वर्षं आमच्या घरात कोणी कुठे चाललं की ती आधी माझी पिशवी उघडून बघायची. केसपेपरची प्लास्टिकची फाईल आहे का त्यात. लग्नाला चाललो तरी, बाजाराला चाललो तरी. सोनोग्राफीला नेलं, त्यात टोचत नाहीत बाई, नुसतं पोटावर थंड मलम लावतात असं शंभरदा सांगितलं, खरंच सांगत होते, पण विश्वास कशाला ठेवेल? मावशीचं घर तिने पाहिलेलं होतं ना.

आणि अजून एक. त्या भरतीत तिसऱ्या दिवशी रात्री हळूच विचारते, "आई, मी आईसकांडी खाल्ली म्हणून झालं ना मला?" म्हणजे तीन दिवस ती पोरगी शिक्षा भोगून राहिली होती असं समजून. चार-सहा वर्षांच्या लेकरांना असंच वाटते, आपण काहीतरी वाईट केलं म्हणून दवाखान्यात आणलं. मग मी विचार केला हे त्यांच्या डोक्यात घालते कोण? तर आपणच. "रडशील तर सुईवाल्या बाईला बोलावते", हे वाक्य मी माझ्या अंगणवाडीत कितीतरी वर्षं वापरलं आहे, लेकरं गप्प बसतात, सोपं पडते. मग २०१३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी आली की लेकरं स्वयंपाकघराच्या मागे पळतात आणि मीच त्यांना ओढून आणते. काय उपयोग?

बदल कसा झाला ते सांगते. नऊ वर्षांची असताना दुसऱ्या एका दवाखान्यात एक सिस्टर भेटली. वयस्कर, चष्म्याची दोरी गळ्यात, आवाज खडा, मला वाटलं आता ही ओरडणार. ती पोरीजवळ स्टूल घेऊन बसली, माझ्याकडे बघितलंही नाही, तिलाच म्हणाली, "बाई, दुखणार आहे. विंचवासारखं नाही, मुंगीसारखंही नाही, मधमाशी चावते तेवढं. दहा मोजेपर्यंत. कोणत्या हाताला लावू ते तू सांग."

पोरगी म्हणाली डाव्या. का तर उजव्या हाताने लिहिते. एवढा विचार होता तिच्याजवळ आणि तोपर्यंत तिला कोणी विचारलंच नव्हतं, सुई लावून लावून नेहमी उजव्याच हाताला लावत होते कारण तो पलंगाच्या बाहेरच्या बाजूला यायचा.

मग सिस्टरने तिला झोपवलं नाही, माझ्या मांडीवर बसवलं, एक हात माझ्या काखेत, दुसरा पुढे. म्हणाली गरम चहावर फुंकर मारतो ना आपण, तशी लांब लांब मार. आणि टोचायच्या आधी तिला ते इंट्राकॅथ हातात दिलं, नवं, आणि दाखवलं की बघ, ही लोखंडी सुई आत जाते आणि लगेच बाहेर येते, आत राहते ती ही मऊ नळी, वाकवून बघ. पोरीने वाकवून बघितली. साहेब, तीन वर्षं माझी पोरगी हात लाकडासारखा ताठ ठेवून झोपत होती, कारण तिला वाटायचं सुई आतच आहे, हात हलवला तर आरपार जाईल. मला स्वतःलाही तेच वाटायचं!! अंगणवाडी सेविका मी, पण कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्या दिवशी रडली, नाही असं नाही. पण कोणी धरावं लागलं नाही. आणि पुढच्या वेळी बसमध्ये चढताना पिशवी नाही बघितली, मी स्वतःच सांगितलं होतं की भरती व्हायला चाललो, रक्त लागेल, दोन-तीन दिवस राहावं लागेल, सुई डाव्या हाताला. किती दिवस ते नक्की माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं, "उद्या सोडतील" म्हणू नये. मी हे शिकायला तीन वर्षं घेतली.

हे काही माझं डोकं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीकरणाच्या दुखण्यावर सूचना काढल्या त्यातही हेच आहे, लेकराला आईजवळ धरून बसवा, तान्ह्याला सुईच्या वेळी अंगावर पाजा, जी लस जास्त दुखते ती शेवटी द्या. कातडी बधिर करायचं क्रीमही मिळते म्हणे, तासभर आधी लावून ठेवावं लागते, आमच्याकडे मी ते अजून पाहिलेलं नाही, ठीक आहे नसेल. पण मांडीवर बसवायला आणि खरं बोलायला कोणतं टेंडर लागते?

आता अंगणवाडीत मी एक बाहुली ठेवली आहे. तिच्या हाताला सुई काढलेली नळी चिकटपट्टीने लावली आहे, जुन्या सलाईनची बाटली खुंटीला. लेकरं तिला रोज भरती करतात, रोज सुट्टी देतात. एक जण तिला रोज ओरडते, "हलू नको काऊन हलते!" त्यावरून कळते त्याच्यावर दवाखान्यात कोण ओरडलं असेल.

प्रशिक्षणात एका मॅडमने सांगितलं होतं की इंग्लंडमध्ये आधी दवाखान्यात लेकराजवळ आईबापाला थांबूच देत नव्हते, ठरल्या वेळी भेटायचं आणि निघायचं. मग १९५९ मध्ये प्लॅट नावाच्या सर्जनच्या समितीने सांगितलं की आईबापाला येऊ द्या, राहू द्या, आणि हळूहळू बदललं. मला ऐकून नवल वाटलं, आपल्याकडे तर आई चोवीस तास पलंगाखाली चटईवर असतेच, ते आपल्याला कोणी शिकवावं लागलं नाही. पण त्या चटईवरच्या बाईला कोणी काही सांगते का? कोणती नळी कशाची, उद्या काय होणार, लेकराला काय सांगायचं? अमेरिका-कॅनडाकडे म्हणे यासाठी वेगळा माणूसच असतो, चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट म्हणतात, त्याचं काम औषध देणं नाही, लेकराला खेळातून समजावणं आणि भीती कमी करणं. आपल्याकडे तो माणूस म्हणजे आई, फक्त तिला ट्रेनिंग नाही.

किंवा बाप. आमचे हे झाडीपट्टीच्या नाटकात कामं करतात, दिवाळीनंतर वडसाच्या नाटक कंपन्यांचा सीझन लागला की महिना-महिना घरी नसतात, बहुतेक व्हिलनचे रोल. लहान मुलांच्या वॉर्डात एकदा रात्री लाईट गेली, सगळी लेकरं रडायला लागली, तर हे मोबाईलचा टॉर्च हनुवटीखाली धरून पाटलाचा डायलॉग म्हणायला लागले, मग पाटलाची बायको, मग घाबरलेला नोकर. सिस्टर ओरडायला आली आणि दारातच उभी राहिली बघत. त्या अर्ध्या तासात एका पोराची सलाईन संपली, त्याला कळलंही नाही.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी कापू नका म्हटलं.

हे सगळं लहान मुलांच्या वॉर्डाचं झालं. बारा वर्षं पूर्ण झाली की कित्येक दवाखान्यांत लहान मुलांचा वॉर्ड बंद. मागच्या हिवाळ्यात पोरगी तेरा वर्षांची, रात्री दुखणं उठलं, ताप होता आणि एसएसच्या लेकराला ताप म्हणजे घरी थांबायचं नसते, तिलाच लवकर इन्फेक्शन होते, म्हणून निघालो. कोणता दवाखाना ते लिहीत नाही, भांडण करायचं नाही मला. केसपेपरवर वय बघून बायकांच्या जनरल वॉर्डात पाठवलं. एका बाजूला लकवा मारलेली आजी, दुसऱ्या बाजूला फवारणीचं औषध पिलेली एक बाई, पंचवीस-सव्वीसची असेल, तिच्या जबाबासाठी पोलीस येऊन गेला होता. मध्ये माझी पोरगी. पडदा नाही. दुसऱ्या रात्री ती बाई गेली. तिच्या सासरचे, माहेरचे, सगळे तिथेच, आणि हिचं तोंड गोधडीत. सकाळी उठून बघते तर त्या पलंगावर नवी चादर आणि नवी पेशंट.

मला म्हणाली, "आई, ती घरी गेली का?"

हो म्हणून टाकावं असं एवढं तोंडावर आलं होतं. मावशीचं घर आठवलं. मी म्हटलं, नाही बाई, रात्री गेली ती, मेली. तिला बऱ्याच गोष्टी झाल्या होत्या, तुझा आजार वेगळा आहे. तेव्हा ती म्हणाली, "मले माहीत होतं, मी जागी होती." म्हणजे मी हो म्हटलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करा.

त्याच भरतीत राऊंडला मोठे डॉक्टर आले, मागे आठ-दहा शिकणारे पोरंपोरी, आणि मला विचारलं, हिला पाळी आली का? सगळ्यांसमोर. बाजूच्या आजीचा मुलगा डबा घेऊन उभा होता त्याच्यासमोर. सिकलसेलच्या पोरींना पाळी उशिरा येते, उंची-वजन मागे राहते, तेव्हा डॉक्टरांनी विचारणं चूक नाही, पण पोरगी तिथे जागी बसून होती ना जी, मला काऊन विचारता? दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही. आणि त्याच रात्री दुखणं वाढलं, विव्हळली, तर कोणीतरी म्हणालं, "नाटक करते, मघाशी तर मोबाईल बघत होती." आमच्या घरात नाटकाला मान आहे, तरी तो शब्द तिला असा लागला की नंतर दुखलं तरी सांगेना, ओठ चावायची. सिकलच्या दुखण्यात बहुतेक वेळा वरून काही दिसत नाही, सूज नाही, जखम नाही. ते दुखणं मोजायचा एकच मार्ग, तिला विचारणं. मोबाईल बघत होती ते दुखणं विसरायलाच बघत होती, लहान असताना फुंकर मारत होती तेच हे, वय वाढलं म्हणून साधन बदललं.

सिस्टर लोकांवर राग नाही माझा. अख्ख्या वॉर्डाला रात्री दोघी होत्या, पाणी प्यायला बसल्या नाहीत. पण एक हिशोब कोणीतरी मला समजावून सांगा. सरकारचा बाल स्वास्थ्य कार्यक्रम जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ चा, तो १० ते १९ वर्षांपर्यंत. बाल न्यायाचा कायदा घ्या, पॉक्सो घ्या, १८ पर्यंत मूल. बालहक्काचा करार भारताने १९९२ मध्ये मान्य केला त्यातही १८. मग दवाखान्याच्या पलंगावरच बाराव्या वाढदिवसाला मूल संपते कसं?

मी मोठं काही मागत नाही. वेगळी बिल्डिंग नको, उद्घाटन नको. मोठ्या वॉर्डाच्या एका कोपऱ्यात बारा ते अठराच्या पोरींसाठी चार पलंग, तसेच पोरांसाठी चार, आणि पडदा. किशोरवयीन मुलांच्या क्लिनिकमध्ये समुपदेशक असतात, त्यांनी आठवड्यातून दोनदा त्या कोपऱ्यात चक्कर मारावी, खाली ओपीडीत पोरं यायची वाट बघू नये, भरती असलेली पोरं कशी येतील खाली? राऊंडला आधी पोरीला विचारावं मग आईला. नाजूक प्रश्न पडद्यामागे. आणि एक चार्जिंगचा बोर्ड द्या बाप्पा, चाळीस माणसांना एक बोर्ड, त्यावरून भांडणं होतात.

मोबाईलवरून आठवलं, शाळा. वर्षात पाच-सहा वेळा भरती म्हणजे अभ्यास गेलाच. तिच्या वर्गाच्या सरांनी एक चांगलं केलं, फळ्याचा फोटो रोज ग्रुपवर टाकतात, तिच्यासाठी म्हणून नाही, सगळ्यांसाठी, त्यामुळे तिला वेगळं वाटत नाही. पण शाळेत परत गेली की पोट्टे विचारतात, तुझा आजार लागते का? बाजूला बसत नाहीत. लागत नाही, आईबापाकडून जन्मतः येते, शिवल्याने, डब्याने, पाण्याने नाही लागत, हे वर्गात एकदा सरांनी दहा मिनिटं सांगितलं असतं तर झालं असतं, १९ जूनची रॅली काढलीच होती. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, प्रमाणपत्र काढून ठेवा, दहावीच्या वेळी कामी येते, आणि यष्टीत सिकलच्या पेशंटला तिकीट लागत नाही. कंडक्टरने हुज्जत घातली तर शांतपणे कार्ड दाखवा. पोरीला नका दाखवायला लावू, तिला लाज वाटते, तुम्ही दाखवा.

२०२३ च्या १ जुलैला शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू झालं, २०४७ पर्यंत आजार संपवायचा आहे, सात कोटी लोकांची तपासणी. व्हावं, चांगलंच आहे. २०४७ ला माझी पोरगी पस्तिशीच्या पुढे असेल. मधली वर्षं तिला याच दवाखान्यांत काढायची आहेत, दर दुखण्याला, दर रक्ताला. तपासणीच्या फॉर्मवर नाव, वय, जात, गाव सगळं असते, तिला कशाची भीती वाटते हा रकाना कुठेच नाही.

पत्र तिला वाचून दाखवलं. दोन बदल सांगितले. एक, ती म्हणते चिवडा नव्हता, बिस्किट होतं, पार्लेचं, आणि ते अर्धं तू खाल्लं. मला चिवडाच आठवते, पण असू द्या. दुसरं म्हणाली की डॉक्टर-सिस्टरना सांग, टोचताना "काही नाही होत" म्हणू नका, "झालं झालं" पण म्हणू नका झालं नसेल तर. नुसतं मोजा.

माझं नाव, गावाचं नाव छापू नये ही विनंती. तिच्या शाळेत तुमचाच पेपर येतो.

आपली,
एका एसएस पोरीची आई